एका दिवसात तोरणमाळ : घाट, तलाव आणि आपली तब्येत

पावसाळा सरत आला, शेतात कपाशीला बोंडे धरू लागली, की आमच्या नशिराबादेत गल्लोगल्ली सहलीचे बेत शिजू लागतात. गणपती उठले की नवरात्रीच्या आत कुठेतरी जाऊन यायचे. पूर्वी हे बेत अजिंठा किंवा पाटणादेवीपर्यंत असत. आता घरोघरी चारचाकी आली, नाही आली तर भाड्याने मिळते, म्हणून सातपुड्यातल्या तोरणमाळचे नाव वरचेवर कानावर येते. हिरवे डोंगर, वळणावळणाचा घाट आणि माथ्यावर यशवंत तलाव. मन ओढले जाईल असेच ते ठिकाण आहे.

सहलीला जाऊ नका असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. रोजच्या रामरगाड्यातून एक दिवस मोकळी हवा मिळाली तर मनाला आणि शरीराला बरेच वाटते. परंतु सहल रविवारी झाली, की सोमवारी आणि मंगळवारी दवाखान्यात उलट्या, जुलाब, लघवीची जळजळ, कंबरदुखी आणि चढलेली साखर घेऊन मंडळी येतात. यातील बहुतेक दुखणी सहलीने होत नाहीत, सहलीच्या आखणीतील हलगर्जीपणाने होतात. म्हणून या आठवड्यात औषधांपेक्षा आखणीबद्दलच बोलू.

आधी गणित मांडा

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात आहे. (१ जुलै १९९८ पूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात होता.) समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ११५० मीटर. नशिराबादहून जळगाव, विदगावचा तापीवरील पूल, चोपडा, शिरपूर, शहादा आणि तेथून म्हसावद, राणीपूर करीत वर चढावे लागते. एका बाजूचे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जाते. वाटेतला चहा, नाश्ता आणि शेवटचा घाट धरला तर जायला पाच तास. यायलाही तेवढेच.

म्हणजे दहा तास गाडीत आणि चार-पाच तास डोंगरावर. आता हेच गणित गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने मांडून पाहा. पहाटे चारला उठला, पाचला निघाला, दहाला पोहोचला. सगळ्यांचा हट्ट असतो की तलावावर सूर्य मावळताना पाहून निघू. मग सहाला निघाले, घाट अंधारात उतरला, घरी यायला अकरा वाजले. तो माणूस एकोणीस तास जागा आहे आणि शेवटचे पाच तास त्याच्या हातात आठ-दहा जणांचा जीव आहे.

सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस साधारणपणे रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्याने थेंबभरही घेतलेली नाही असा आपला सज्जन भाऊ किंवा भाचा, रात्री नऊनंतर केवळ जागरणाने कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखी गाडी चालवू लागतो. आणि त्याला ते कळत नाही, हे जास्त घातक. डोळे उघडे ठेवूनही मेंदू दोन-चार सेकंद झोपतो. ताशी साठच्या वेगात गाडी चार सेकंदांत पासष्ट मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. घाटात तेवढ्यात वळण येऊन जाते.

सन १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात चालकाला दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याच्यासाठी हा नियम होता. मग आठवडाभर दुकानात बसून रविवारी स्टिअरिंग धरणाऱ्याने काय करावे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे तीन पर्याय आहेत. पहिला, गाडी चालवणारे दोघे न्या, आणि दुसऱ्याने जाताना खरोखर झोप घ्यावी. दुसरा, वर एक मुक्काम करा. आधी फोन करून जागा निश्चित करा. तिसरा, एकाच दिवसात आणि एकाच चालकावर जायचे असेल तर दुपारी तीनला तोरणमाळ सोडा, म्हणजे घाट उजेडात उतरतो आणि साडेआठच्या आत घर गाठता येते. सूर्यास्त पाहायचा असेल तर मुक्काम करा. दोन्ही हवे म्हटले तर जमत नाही.

दुपारच्या जेवणानंतर दोन ते चार या वेळेत शरीराला नैसर्गिक सुस्ती येते. चालकाने जेवण अर्धपोटी करावे आणि निघण्याआधी वीस मिनिटे झाडाखाली डोळे मिटावे. चहाने तात्पुरती तरतरी येते, तो झोपेची जागा घेत नाही. वाटेत जांभया, डोळ्यांची आग, एकाच ओळीत गाडी न राहणे ही लक्षणे दिसली की गाडी बाजूला घ्या. शेजारी बसणाऱ्याने त्याला जागे ठेवण्याऐवजी थांबवावे.

घाटात गाडी का लागते?

राणीपूर सोडले की चढ सुरू होतो. सात पायरी नावाने ओळखली जाणारी वळणे आली, की गाडीतले गाणे बंद होते आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची शोधाशोध सुरू होते.

आपल्या कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतील द्रव हलला की शरीर कोणत्या दिशेने वळते आहे हे मेंदूला कळते. वळणावर कान सांगतात, ‘आपण फिरतो आहोत’. पण मोबाईलवर किंवा पुढच्या आसनावर खिळलेले डोळे सांगतात, ‘आपण स्थिर आहोत’. या परस्परविरोधी बातम्यांनी मेंदू गोंधळतो. मळमळ, घाम, लाळ सुटणे आणि उलटी हा त्या गोंधळाचा परिणाम. गाडी चालवणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसत असते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास जास्त होतो.

उपाय कारणातूनच निघतात. त्रास होणाऱ्याला पुढे बसवा. त्याने दूरवरच्या रस्त्याकडे पाहावे, मान टेकलेली ठेवावी. मोबाईल पिशवीत जाऊ द्या. काच थोडी उघडी ठेवा. अत्तर, उदबत्ती आणि डिकीतल्या पेट्रोलचा वास मळमळ वाढवतो. उपाशीपोटी नको आणि भरल्यापोटीही नको. पहाटे एखादी पोळी किंवा दोन बिस्किटे पुरेत. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते.

गोळी घ्यायची तर तिची वेळ महत्त्वाची. प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेट या औषधांचा असर व्हायला अर्धा ते एक तास लागतो. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. ज्यांना सपाट रस्त्यावर काही होत नाही, फक्त घाटातच होते, त्यांनी पहाटे घरी गोळी घेऊन चोपड्यापर्यंत पेंगत बसण्यात अर्थ नाही. शहाद्याच्या चहाच्या थांब्यावर घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती कधीही घेऊ नये. दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. काचबिंदू असणाऱ्यांनी आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्या वृद्धांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चढताना-उतरताना कानाला दडे बसतात. बाहेरच्या हवेचा दाब बदलतो आणि कानाच्या पडद्यामागचा दाब तेवढ्या झटपट बदलत नाही, एवढेच त्याचे कारण. आवंढा गिळावा, जांभई द्यावी, गोळी-चॉकलेट चघळावे. तान्ह्या बाळाला उतारावर पाजावे, म्हणजे गिळण्याने कान मोकळे होतात.

उंचीचे भय नको

‘डॉक्टर, वर प्राणवायू कमी असतो ना?’ असे काहीजण विचारतात. समुद्रसपाटीच्या मानाने तोरणमाळला हवेचा दाब सुमारे तेरा टक्क्यांनी कमी असतो. उंचीचा खरा आजार साधारण अडीच हजार मीटरच्या वर होतो. तेव्हा निरोगी माणसाला येथे काही जाणवणार नाही. ज्यांना घरीच जिना चढताना दम लागतो, ज्यांना हृदयविकार किंवा जुना दमा आहे, त्यांनी मात्र सीताखाईच्या बाजूला चढउतार करताना तरुणांशी बरोबरी करू नये. चालता चालता बोलता येत नसेल तर थांबावे, हा सोपा नियम. छातीत दडपण आले तर बसावे. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणून वेळ दवडू नये.

उंची वाढेल तशी हवा थंड होते. हजार मीटरला साधारण सहा अंश. त्यामुळे आपल्याकडे दुपारी घामाच्या धारा लागल्या असताना वर वारा गार असतो. आजीसाठी शाल आणि लहानांसाठी स्वेटर डिकीत तळाला न ठेवता हाताशी ठेवा.

मायबहिणींनी पाणी का पिऊ नये?

हा विषय सहसा कुणी काढत नाही, म्हणून मी मुद्दाम काढतो. प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्या घरातील स्त्रिया आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. कारण साधे आहे. पुरुष कुठेही गाडी थांबवतात, बायकांसाठी कुणी गाडी थांबवत नाही, आणि थांबवा म्हणायला त्यांना संकोच वाटतो. दहा-बारा तास पाणी नाही आणि लघवी रोखून धरलेली. मूत्राशयात साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. दोन दिवसांनी जळजळ, थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळ. गरोदर बाईला हाच संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर दवाखान्यात दाखल व्हावे लागते. मधुमेही स्त्रियांनाही हा धोका अधिक.

यावर औषध नाही, आखणी आहे. दर दोन तासांनी थांबायचे असे घरातल्या कर्त्या माणसाने निघतानाच सर्वांसमोर जाहीर करावे, म्हणजे कोणाही वहिनीला, मावशीला तोंड उघडून मागावे लागणार नाही. चोपडा, शिरपूर आणि शहादा ही तीन गावे वाटेत नेमकी अंतरावर आहेत. तेथील पेट्रोलपंप, एस.टी. स्थानक किंवा बरे हॉटेल पाहून थांबावे. शहाद्यानंतर सोय विरळ होत जाते. थांबल्यावर सगळ्यांनीच पाच मिनिटे चालावे. तासन् तास पाय लोंबकळत बसल्याने पावलांना सूज येते, आणि गरोदर बायका व नुकतेच ऑपरेशन झालेल्यांच्या पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते.

डब्यात काय, पाण्यात काय?

आपल्या खानदेशातल्या जुन्या माणसांनी प्रवासासाठी दशमी निवडली, ती उगाच नाही. दुधात भिजवलेली, नीट भाजलेली दशमी दिवसभर मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि केळी. केळ्याला निसर्गानेच वेष्टन दिले आहे. हात जेमतेम धुतलेला असला तरी आतला गर स्वच्छ राहतो. आणि आपल्या भागात केळ्याला तोटा नाही.

याउलट पहाटे गरम भात, भरीत किंवा ओली भाजी डब्यात कोंबून, डबा डिकीत ठेवून, दुपारी एकला उघडणे म्हणजे जंतूंना आठ तासांची मेजवानी देणे. भातातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. कोमट ओलाव्यात ती वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्यानेही ते विष जात नाही. ओला शिजवलेला पदार्थ उन्हाळी हवेत एक-दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये. भरीत खायचेच असेल तर घरी परतल्यावर करा. असोद्याची वांगी काही पळून जात नाहीत. वाटेत ढाब्यावर समोर तव्यावरून उतरलेली गरम भाकरी आणि उकळती शेवभाजी ही उघड्यावर कापलेल्या काकडीपेक्षा अधिक सुरक्षित.

पाणी घरून न्या. माणशी तीन लिटर धरा. डोंगरातला झरा स्वच्छ दिसतो, परंतु वरच्या अंगाला गुरे बसतात, कपडे धुतले जातात, हे आपल्याला दिसत नाही. अशा पाण्याने होणारी कावीळ दोन ते सहा आठवड्यांनी उमटते. दिवाळीत डोळे पिवळे झाल्यावर भाद्रपदातला झरा कुणाला आठवणार?

जुलाब-उलट्या लागल्याच तर जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोटघोट द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाकीट अर्धे-अर्धे करून अंदाजाने पाणी घालू नये.

मधुमेह आणि रक्तदाबाची मंडळी

मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाशी बांधलेले असते, घड्याळाशी नाही. पहाटे साडेचारला गोळी घेतली आणि नाश्ता आठला शिरपूरला, तर मधल्या वेळात साखर उतरते. हातपाय थरथरणे, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. ‘आप्पांना गाडी लागली’ म्हणून त्यांना झोपवून ठेवू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी सुधारणा नसेल तर पुन्हा द्या, नंतर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फालाही चिकटू देऊ नये. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवले तरी एक दिवस निभावते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून प्रवासाच्या दिवशी काहीजण गोळीच बुडवतात. तसे करू नका. वेळ मागेपुढे करता येईल का, हे दोन दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

तलावाकाठी आणि उतारावर

यशवंत तलाव काठावरून पाहण्यासाठी आहे. कोणत्याही तलावाचा तळ एकसारखा नसतो. दोन पावले गुडघाभर आणि तिसऱ्याला गाळ किंवा खोल खड्डा. लहान मुले हाताच्या अंतरावर ठेवा. मद्य घेतलेल्याला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. कुणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका. दोर, पंचा, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबणे यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाबा. तीस दाबांनंतर दोन श्वास. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

पावसाळ्यानंतर गवत कंबरेएवढे असते. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, म्हणून साप मारून पिशवीत आणण्याची गरज नाही.

उताराबद्दल दोन शब्द. २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरात प्रवासी जीप दरीत कोसळून माणसे गेली. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवले की ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, तसा नियमच आहे. टपावर, पाठीमागच्या फळीवर कुणालाही बसवू नका. धुके असेल तर थांबा. वळणापलीकडे भिल्ल-पावरा बांधवांची शेते आणि घरे आहेत, शाळेची मुले आणि शेळ्या रस्त्यावर असतात, हे लक्षात असू द्या.

शहादा सोडण्यापूर्वी पेट्रोल भरा, औषधे घ्या आणि घरी फोन करा. डोंगरात रेंज मिळेलच असे धरून चालू नये. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा.

ज्यांनी जवळच जावे

तान्हे बाळ, शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई, पंचाहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले कुणी सोबत असेल, तर दिवसात तोरणमाळचा हट्ट धरू नका. आपल्याच जिल्ह्यात रावेर तालुक्यातले पाल आहे. भुसावळ, सावदा, खिरोद्याच्या बाजूने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. तोही सातपुडाच, यावल अभयारण्याचे जंगल, सुकी नदी आणि गारबर्डीचे धरण. सगळ्यांना घेऊन गेलेली जवळची सहल ही आजीला घरी कुलपात ठेवून केलेल्या लांबच्या सहलीपेक्षा केव्हाही बरी.

पिशवीत काय हवे : जलसंजीवनीची चार पाकिटे, पॅरासिटामॉल, मळमळीची गोळी, प्रत्येकाची रोजची औषधे दोन दिवसांची, कापूस, पट्ट्या, जंतुनाशक मलम, साबण, विजेरी, जाड कागदी पिशव्या, साखरेची पुडी आणि एका चिठ्ठीवर प्रत्येकाचे आजार व चालू औषधे लिहून. ही चिठ्ठी गाडीत समोर ठेवा. अपरिचित गावातल्या डॉक्टरला तिचा किती उपयोग होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि निघताना घरातील सर्वांनी एकदा घड्याळ मिळवून घ्या. तीन म्हणजे तीन!